कोऱ्या रॅकेटची तात

बॅडमिंटनच्या रॅकेटमध्ये तात भरण्याच्या कामाला पुण्यापासून जबलपूरपर्यंत ‘गटिंग’ हाच शब्द चालतो. ‘गट’ म्हणजे जनावराचे आतडे. एके काळी गुरामेंढरांच्या आतड्यांपासून वळलेली तात रॅकेटला लावीत, आणि तो व्यवसाय करणाऱ्या कारागिरांच्या व दुकानदारांच्या तोंडी हा शब्द इकडे रुळला. आज बहुतेक रॅकेटांना असते ती नायलॉनची तात : शेकडो सूक्ष्म तंतू एकत्र वळायचे, त्यांवर लेप चढवायचा, आणि पाऊण मिलिमीटरपेक्षाही बारीक अशी ती दोरी बाजारात आणायची. आतडे गेले, शब्द मात्र टिकला. ‘शाई’ म्हणजे मुळात काळी, तरीही मराठी माणूस निःशंकपणे निळी शाई आणि तांबडी शाई म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. मराठीला स्वतःचा ‘तात’ हा शब्द होताच. पिंजाऱ्याच्या धनुकलीला तात असे, सारंगीला तात असते. ज्या ‘तन्’ धातूपासून तंतू, तंत्र आणि तान हे शब्द आले त्याच कुळातला तो आहे. ताण हा शब्दही त्याच घरचा, आणि संतान हाही.

कंपनीतून तात भरूनच आलेली नवी कोरी रॅकेट विकत घेतली, तर ती आहे तशी खेळायला घ्यावी, की आधी कंपनीची तात कापून आपल्या पसंतीची भरून घ्यावी? प्रश्न वरकरणी किरकोळ आहे. खेळणाऱ्या मुलांपुरता, फार तर त्यांना पैसे देणाऱ्या वडीलधाऱ्यांपुरता. परंतु गोरखपुरातील एका मराठी घरात गेल्या पावसाळ्यात या प्रश्नावरून आजोबा आणि नात यांच्यात आठ दिवस जे चालले होते, त्याला किरकोळ म्हणणे अवघड आहे.

गोरखपूर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर उत्तर प्रदेशातले शहर आणि गीता प्रेसची पुस्तके येतात. हे गोरखपूर म्हणजे जबलपूर शहरातली एक गजबजलेली वस्ती. जवळच हाऊबाग स्थानक होते. गोंदियाकडून येणारी छोट्या रुळांची गाडी तिथे येऊन थांबे. अडीच फुटी रुळांवरून, नैनपूरच्या रानातून रमतगमत येणारी ती गाडी हा इथल्या मराठी माणसांचा आणि विदर्भाचा कित्येक दशकांचा धागा होता. २०१५ साली ती बंद झाली आणि पुढे त्या वाटेला रुंद रूळ आले. मराठी माणसे इथे आली ती मात्र गाडीच्या हौसेने नव्हे. भोसल्यांच्या अमलापासून काही घराणी होतीच. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला, त्याने काहींना आणले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. त्याच्याबरोबर नागपुरातले वकील आले, कारकून आले, टंकलेखक आले आणि त्यांची बिऱ्हाडेही आली.

या घरातले आजोबा त्याच बिऱ्हाडांपैकी एकातून, आठव्या वर्षी, आईचे बोट धरून जबलपूरला उतरले. वडील न्यायालयात कारकून होते. स्वतः त्यांनी रामपूरला विद्युत मंडळात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, सून इथे शाळेत शिकवते, आणि नात, वय वर्षे चौदा, सकाळ-संध्याकाळ बॅडमिंटन खेळते. रॅकेट पुण्याहून आली, वडिलांनी पाठवलेली. जुन्या रॅकेटपेक्षा हलकी, पंच्याऐंशी ग्रॅमच्या आसपासची, कार्बनच्या तंतूंची, आणि जाळी भरलेली. मुलीने ती हातात घेतली, तळव्यावर दोनदा आपटली, अंगठ्याने मधली तात दाबून पाहिली आणि म्हणाली, “आजोबा, हे कंपनीचं गटिंग कापावं लागेल.”

आजोबा काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “अगं, एक फूल तरी लागू दे तिला. बापाने पाठवलेली वस्तू, आल्या दिवशी कात्री लावतेस?”

“बाबांनी फ्रेम पाठवली, आजोबा. तात कंपनीने लावली.”

या उत्तरात उद्धटपणा नव्हता. त्यात एक भेद होता, आणि तो मुलीला स्वच्छ दिसत होता. आजोबांना तो मान्य नव्हता.

भेद खरा आहे. रॅकेट ही एक वस्तू दिसते, पण ती दोन वस्तूंची जोडणी असते. फ्रेम वर्षानुवर्षे टिकते. तात मात्र खर्चाची वस्तू आहे, कुणाची महिन्यात तुटते, कुणाची वर्षभर टिकते आणि तुटण्यापूर्वीच मेलेली असते. नायलॉनचा गुण असा की तो ताणून बांधला की तिथल्या तिथे हळूहळू ढिला पडत जातो. पहिल्या दिवशी बराच, पुढे थोडा थोडा. खेळले नाही तरी पडतो. कारखान्यात भरलेली तात गोदामात, जहाजात, दुकानाच्या भिंतीवर किती काळ होती हे विकत घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. शिवाय कंपनी ती भरते ती कुणा एका खेळाडूसाठी नव्हे. उन्हातान्हाचा प्रवास सोसला पाहिजे, दुकानात रॅकेट खेळण्याजोगी दिसली पाहिजे, नवशिक्याच्या हाती लगेच तुटता कामा नये, या हिशेबाने बहुधा जाड आणि स्वस्त तात, बेताच्या ताणावर भरलेली असते. म्हणूनच वरच्या प्रतीच्या पुष्कळशा रॅकेटा तात न भरताच विकल्या जातात. ती निवड खेळणाऱ्याने करायची असे गृहीत धरलेले असते.

इथवर मुलीची बाजू बळकट आहे. पण तिच्या बाजूला आणखी एक आकडा होता, आणि घरातला वाद खरा पेटला तो त्या आकड्यावरून. तात भरताना प्रत्येक ओढ पौंडात मोजतात. मुलीला सव्वीस पौंड हवे होते. सरावाला येणाऱ्या मोठ्या मुली सव्वीसवर खेळतात. दूरदर्शनवर दिसणारे जगज्जेते तीसच्या वर खेळतात असे तिने ऐकले होते. आठ दिवसांवर निवडीचे सामने होते.

ताण वाढवला की फटका जोरदार होतो हा समज खेळणाऱ्या मुलांत सर्रास आढळतो आणि तो जवळजवळ उलटा आहे. सैल तात फुलाला क्षणभर अधिक पोटात घेते आणि झोळीसारखी उसळवून परत फेकते; मनगट कच्चे असले तरी फूल मागच्या रेषेपर्यंत जाते. घट्ट तात उसळी देत नाही. ती नेमकेपणा देते, फूल कुठे जाईल याचा भरवसा देते, टणत्कार देते, आणि या बदल्यात जोर सगळा खेळणाऱ्याकडून वसूल करते. जाळीच्या मध्यभागी ज्या जागेवर फटका बसला तर तो गोड लागतो, ती जागाही ताणाबरोबर आक्रसते. जगज्जेत्याच्या हाताचा वेग आणि अचूकता असेल त्याला तीस पौंड शोभतात. इतरांच्या हाती ते पौंड रॅकेटमधून कोपरात आणि खांद्यात उतरतात. चौदा वर्षांचा खांदा अजून वाढत असतो.

आजोबांना यातले बरेचसे ठाऊक होते, कारण ते स्वतः खेळले होते. परंतु त्यांचे ज्ञान दुसऱ्या वस्तूचे होते. १९६०च्या दशकात त्यांच्या हातात होती ती लाकडी रॅकेट. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंदर आणि मेरठ इथे येऊन वसले आणि देशभरच्या मैदानांवर त्यांचाच माल पसरला, त्यातलीच ती. खेळ संपला की तिला चार स्क्रूंच्या लाकडी चौकटीत आवळून ठेवायचे, नाहीतर दमट हवेत लाकूड वाकायचे. तात आतड्याची. जबलपूरच्या पावसाळ्यात ती ओल धरी, फुगे, तिचे पदर सुटत आणि एखाद्या साध्या फटक्याला ती तुटे. मग सगळी जाळी कोण बदलतो? तुटलेल्या तेवढ्या पदराला जोड द्यायचा आणि पुन्हा खेळायचे. जोडावर जोड देत एक रॅकेट त्यांनी सात वर्षे वापरली. अख्खी, न तुटलेली तात कापणे ही कल्पनाच त्या जीवनक्रमात बसत नव्हती. पुस्तकाची नवी पाने कुणी फाडावीत तसे ते त्यांना वाटत असावे.

याला कंजूषपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्या पिढीने वस्तू टिकवली ती केवळ पैसा नव्हता म्हणून नव्हे. वस्तूने आपल्याला जसे शिकवले तसे आपण शिकलो, अशी तिची समजूत होती. जी रॅकेट मिळाली तिच्या ताणाशी हात जुळवून घ्यायचा. हाताशी रॅकेट जुळवायची नाही. परक्या गावात बिऱ्हाड थाटलेल्या माणसांच्या अंगी ही वृत्ती अधिक मुरते. नागपूर सुटले, जबलपूर मिळाले, त्याच्याशी जुळवून घेतले. बाजारात हिंदी बोलले, घरात मराठी टिकवली, आणि दोहोंची मिळून जी एक बोली झाली तिच्याबद्दल तक्रार केली नाही. याच प्रदेशात वावरलेल्या मुक्तिबोधांच्या घरात थोरला गजानन माधव हिंदीचा कवी झाला आणि धाकटा शरच्चंद्र मराठीचा. घरात मिळालेली एकच तात दोघांनी वेगवेगळ्या स्वरांत लावली. पण ते निराळे. आजोबांच्या पिढीतल्या सामान्य माणसाला निवडीचा असा प्रश्न पडलाच नव्हता, आणि नातीला तो पडतो याचेच त्यांना वैषम्य असावे. वैषम्य, आणि थोडा हेवाही.

या खेळाचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत पुण्याच्या छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्याचे नियम बांधले आणि काही काळ खेळालाच ‘पूना’ हे नाव होते. प्रा. दि. ब. देवधर क्रिकेटचे म्हणून सर्वांना ठाऊक. त्यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन यांनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली हे त्या मानाने कमी लोकांना आठवते. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरची स्पर्धा जिंकून परदेशात अजिंक्यपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. जबलपूरला न्यायालय आले ते हेच वर्ष. आजोबांच्या तरुणपणी नाटेकरांचे नाव घरोघर होते, आणि वादाच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी ते काढलेच. “नाटेकर काय सव्वीस पौंड मोजून खेळत होते का?”

युक्तिवाद म्हणून यात दम नाही. नाटेकर ज्या रॅकेटने खेळले त्या लाकडाला आजचा ताण सोसलाच नसता. आजच्या फ्रेममध्ये बावीस उभ्या ताती असतात. चोवीस पौंड म्हणजे जवळजवळ अकरा किलो. बावीस ताती प्रत्येकी अकरा किलोने ओढल्या की केवळ उभ्या तातींचा भार दोनशे चाळीस किलोच्या घरात जातो, आणि तो पेलणारी वस्तू पंच्याऐंशी ग्रॅमची. नुसत्या उभ्या ताती भरल्या की चौकट आखूड होऊन आडवी फुगते. आडव्या ताती ओढत गेले की ती पुन्हा आकाराला येते. म्हणून कित्येक कारागीर आडव्या ताती पौंड-दोन पौंड अधिक ओढतात. म्हणूनच एक तात तुटली की उरलेली जाळी लगेच कापून टाकायची, नाहीतर एकीकडून सुटलेला भार चौकटीला पिळून काढतो. कापायचीही रीत आहे : मध्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, उभी-आडवी सारख्याने. आजोबांची जोड देण्याची जुनी रीत या नव्या वस्तूला चालणारच नाही. काटकसरीचा धर्म वस्तू बदलली की बदलतो, हे त्यांना त्या आठवड्यात कळत गेले असावे.

तंबोऱ्याचे उदाहरण इथे अधिक उपयोगी पडते. मिरजेहून नवा तंबोरा आणला तर तो तारा लावलेला असतो, पण कोणताही गवई त्या तारांवर तसाच गात नाही. तारा उतरवतो, चढवतो, प्रसंगी बदलतो, आणि घोडीवरची जवारी जाणत्या कारागिराकडून आपल्या गळ्याला मानवेल अशी उघडून घेतो. त्यात मिरजेच्या कारागिराचा अपमान आहे असे कुणी मानीत नाही. उलट तोच विचारतो की गाणारा पुरुष की बाई, पट्टी कोणती. मात्र गवयाने आधी स्वतःची पट्टी जाणलेली असावी लागते. दुसऱ्याच्या मैफलीत ऐकलेली काळी चार आपल्या तंबोऱ्यावर चढवणाऱ्या शिकाऊ गायकाचा गळा काय होतो, ते संगीताच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. नव्या रॅकेटची तात बदलण्याला हरकत नाही. ती कुणाच्या पट्टीत लावायची हा खरा प्रश्न आहे, आणि गोरखपूरच्या घरात आजोबा कात्रीवर अडून बसले होते आणि नात आकड्यावर, त्यामुळे तो प्रश्न दोघांच्याही हातून निसटत होता.

तो विचारला खेळाच्या सामानाच्या दुकानातल्या कारागिराने. शनिवारी दोघे मिळून तिथे गेले. आजोबा सोबत आले ते परवानगी म्हणून नव्हे, निगराणी म्हणून. पन्नाशीचा तो गृहस्थ यंत्राच्या मागे बसला होता. रॅकेट हातात घेऊन त्याने आधी दांड्याच्या वरचा बारीक मजकूर वाचला. फ्रेमला जास्तीत जास्त किती पौंड सोसतील ते तिथे छापलेले असते. मग तातीवर नख मारून आवाज ऐकला. “बाबूजी, ये तो मर चुकी है,” तो आजोबांना म्हणाला. मुलीचा चेहरा उजळला. लगेच तिच्याकडे वळून त्याने जुनी रॅकेट मागितली. तिच्यावर किती आहे? मुलीला ठाऊक नव्हते. त्याला होते, त्यानेच भरली होती. एकवीस. “बेटा, पिछली लाइन तक बैकहैंड जाता है?”

मुलगी थांबली. खोटे बोलता आले असते, सव्वीसही मिळाले असते. दुकानदार गिऱ्हाइकाचे ऐकतोच. “कभी-कभी,” ती म्हणाली.

“तो तेईस. सामने निपट जाएँ, फिर देखेंगे.”

आजोबांनी या संभाषणात तोंड घातले नाही. आठ दिवस ते जे सांगत होते त्यातले अर्धे त्या माणसाने एका प्रश्नात सांगितले होते, आणि उरलेले अर्धे, म्हणजे कोऱ्या वस्तूला कात्री लावू नये हे, तितक्याच सहजपणे मोडीत काढले होते. त्याने रॅकेट पुढे धरली आणि कात्री मुलीच्या हाती दिली. पहिला काप गिऱ्हाइकाने घालायचा, असा त्या दुकानाचा रिवाज दिसला. मुलीने ती आजोबांपुढे केली.

“नको, तूच काप. मधून सुरू कर,” ते म्हणाले.

तात कापली जाताना मोठा आवाज होतो असे वाटते. मेलेल्या तातीचा होत नाही. जाळी चार मिनिटांत निघाली. मुलगी रिकाम्या चौकटीतून दुकानाकडे, रस्त्याकडे, आजोबांकडे पाहत राहिली. कारागिराने दहा मीटर नवी तात काढली आणि चौकट यंत्रात आवळली. एकेक उभी ओढ तेवीसवर थांबत गेली. आजोबांनी चष्मा पुसून यंत्रावरचा काटा वाचण्याचा प्रयत्न केला. आतड्याची तात हाताने, खुंटीला अडकवून, आरी रोवून ओढणारा त्यांच्या वेळचा कारागीर त्यांना आठवला आणि त्यांनी त्याचे वर्णन केले. हा कारागीर हात न थांबवता ऐकत राहिला, कारण त्याच्या वडिलांनी तसेच ओढले होते. अर्ध्या तासात काम झाले. दांड्यावर त्याने एक चिठ्ठी चिकटवली : तारीख आणि २३.

मजुरी आणि तात यांचे पैसे देताना आजोबांनी कापलेला जुना गुंता मागून घेतला. तारेऐवजी बागेत वेलाला बांधायला उपयोगी पडेल, असे ते म्हणाले. मुलगी हसली, पण पिशवी तिनेच धरली.

रविवारी सकाळी तिने नव्या तातीवर पहिला डाव खेळला. मागून मारलेली फुले रेषेच्या आत, हात-दीड हात आखूड पडू लागली. जाळ्याजवळची मात्र, जिथे आजवर फूल वर उडून जात असे, तिथे ते पट्टीला घासून पलीकडे उतरू लागले. घरी येऊन तिने वडिलांना पुण्याला दूरध्वनी केला आणि रॅकेट छान आहे, आजोबांनी तात बदलून आणली, असे सांगितले. आजोबा शेजारीच बसले होते. त्यांनी दुरुस्ती केली नाही. निवडीच्या सामन्यांना अजून तीन दिवस होते, आणि बॅकहँड मागच्या रेषेपर्यंत पोहोचवायचा होता.